'व्हिजिबल मायनॉरिटी' म्हणजे नेमकं कोण? कॅनडातल्या नोकरीत तो फॉर्म भरताना पडणारे प्रश्न

कॅनडात बँकेत, टेलिकॉममध्ये, विमान कंपनीत किंवा फेडरल सरकारच्या खात्यात नोकरी लागली की सुरुवातीच्या कागदपत्रांत एम्प्लॉयमेंट इक्विटीचा एक लहानसा फॉर्म असतो. "तुम्ही व्हिजिबल मायनॉरिटीचे सदस्य आहात का?" हा त्यातला प्रश्न. भारतातल्या आरक्षणाची सवय असलेल्या माणसाला तो वाचून एकतर धास्ती वाटते, नाहीतर भलतीच आशा लागते. मराठी मंडळी याबद्दल जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कायद्यात 'व्हिजिबल मायनॉरिटी' कोणाला म्हटलंय?

एम्प्लॉयमेंट इक्विटी ॲक्ट पहिल्यांदा १९८६ मध्ये आला. आज लागू आहे तो १९९५ चा, ऑक्टोबर १९९६ पासून अमलात असलेला. न्यायाधीश रोझली अबेला यांच्या आयोगाचा १९८४ चा अहवाल हा त्याचा पाया. कायदा चार गट मानतो: स्त्रिया, कॅनडाचे मूलनिवासी, दिव्यांग व्यक्ती आणि व्हिजिबल मायनॉरिटी. चौथ्या गटाची व्याख्या एका वाक्यात संपते. मूलनिवासी सोडून ज्या व्यक्ती वंशाने कॉकेशियन नाहीत किंवा वर्णाने गोऱ्या नाहीत, त्या व्हिजिबल मायनॉरिटी.

जन्म कुठे झाला, पासपोर्ट कोणता, धर्म, मातृभाषा, जात, पगार, यातलं काहीही त्या वाक्यात नाही. पुढच्या निम्म्या शंकांचं उत्तर एवढ्यावरच मिळतं.

२. मी महाराष्ट्रातून आलोय. मी यात बसतो ना? आणि खूण कुठल्या चौकटीत करायची?

बसता. कंपनीच्या फॉर्मवर बहुधा हो किंवा नाही एवढंच असतं, काही ठिकाणी उपगटही विचारतात. ते उपगट स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या यादीवरून घेतलेले असतात: साउथ एशियन, चायनीज, ब्लॅक, फिलिपिनो, अरब, लॅटिन अमेरिकन, साउथईस्ट एशियन, वेस्ट एशियन, कोरियन आणि जपानी. तुमची चौकट साउथ एशियन. २०२१ च्या जनगणनेत या यादीतला सर्वांत मोठा गट हाच होता, सुमारे २६ लाख माणसं, म्हणजे देशाच्या ७.१ टक्के.

चुका ठरावीक तीन ठिकाणी होतात. 'वेस्ट एशियन' म्हणजे पश्चिम भारत नव्हे, तिथे इराणी, अफगाण वगैरे लोक येतात. 'साउथईस्ट एशियन' म्हणजे व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंडकडचे लोक. तिसरी चूक सर्वांत वाईट. मूलनिवासींच्या व्याख्येत 'इंडियन, इन्युइट किंवा मेटी' असे शब्द आहेत आणि 'इंडियन' दिसलं की आपला माणूस तिथे टिक करून मोकळा होतो. तो इंडियन म्हणजे कॅनडाच्या फर्स्ट नेशन्सचा. जनगणनेच्या फॉर्मवर साउथ एशियनसमोर उदाहरण म्हणून 'ईस्ट इंडियन' छापलेलं असतं. त्याचा अर्थ बंगाल-ओडिशा नाही. कॅनडातल्या मूलनिवासी इंडियनांपासून वेगळं ओळखू यावं म्हणून भारतातून आलेल्यांना कॅनडात ते नाव पडलं.

३. शाळेत शिकलो की भारतीय लोक कॉकेशियन वंशाचे. शिवाय मी कोकणस्थ, गोरा, घारा. मग मी व्हिजिबल कसा?

व्याख्येतला 'किंवा' हा शब्द पाहा. 'कॉकेशियन नाहीत किंवा गोऱ्या नाहीत', दोन्हींपैकी एक लागू झालं तरी पुरतं. जुन्या मानववंशशास्त्राची पुस्तकं भारतीयांना कॉकेशियनमध्ये टाकत हे खरं, पण या कायद्याचा वापर त्या पुस्तकांवरून होत नाही. याच शब्दाचा घोळ अमेरिकेत १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात झाला होता. भारतीय शास्त्रीय अर्थाने कॉकेशियन असले तरी सामान्य माणूस ज्याला 'गोरा' म्हणतो ते नव्हेत, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि त्यांना नागरिकत्व नाकारलं. तेव्हा तो शब्द माणसाला बाहेर काढायला वापरला गेला. कॅनडाचा कायदा तोच शब्द वगळलेल्यांची मोजणी करायला वापरतो.

आपल्यात 'गोरा' म्हणतात तो गोरेपणा इथे मोजला जात नाही. घाऱ्या डोळ्यांचा, लख्ख वर्णाचा माणूसही साउथ एशियन म्हणूनच मोजला जातो.

४. हा कायदा सगळ्या कंपन्यांना लागू आहे का?

नाही. शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या, फेडरल नियमनाखालच्या मालकांना तो लागू आहे: बँका, टेलिकॉम, प्रसारण, विमान, रेल्वे, जहाज, एका प्रांतातून दुसऱ्यात जाणारी मालवाहतूक आणि क्राउन कॉर्पोरेशन (सरकारी मालकीच्या कंपन्या). त्याशिवाय फेडरल सार्वजनिक सेवा, लष्कर आणि आरसीएमपी (फेडरल पोलीस दल).

दुसरी वाट फेडरल कॉन्ट्रॅक्टर्स प्रोग्रामची. कंपनी एरवी प्रांताच्या कायद्याखाली येत असली, तरी तिच्याकडे कॅनडात शंभर किंवा अधिक कर्मचारी असतील आणि तिने फेडरल सरकारचं दहा लाख डॉलर किंवा त्याहून मोठं कंत्राट घेतलं असेल, तर तिलाही ही मोजणी करावी लागते. दुकान, हॉटेल, खासगी सॉफ्टवेअर कंपनी, शाळा, रुग्णालय हे सहसा प्रांताच्या अखत्यारीत असतात. ऑन्टेरिओने स्वतःचा एम्प्लॉयमेंट इक्विटी कायदा केला होता, तो १९९५ मध्ये रद्द झाला. तरीही कित्येक कंपन्या स्वतःहून असे फॉर्म देतात. तसा फॉर्म हातात आला की तो कोणत्या कायद्याखाली आहे आणि माहिती कोण पाहणार, हे आधी विचारून घ्या. प्रश्न ६ मध्ये सांगितलेलं गोपनीयतेचं कलम त्या स्वेच्छेच्या फॉर्मला आपोआप लागू होत नाही.

५. फॉर्म भरणं सक्तीचं आहे का?

स्वतःची ओळख देणं पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि तसं फॉर्मवर छापलेलं असायला हवं. बरेच मालक 'कोरा असला तरी परत द्या' म्हणतात, कारण किती जणांपर्यंत फॉर्म पोचला हे त्यांना दाखवायचं असतं. परत देणं वेगळं, उत्तर देणं वेगळं.

उत्तर दिलं नाही तर तुमच्यावर कारवाई होत नाही, पण तुम्ही मोजणीत येत नाही. ज्यांनी स्वतः ओळख सांगितली किंवा तशी ओळख लावायला संमती दिली, फक्त त्यांनाच मोजायचं, असं कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. मॅनेजरने चेहरा किंवा आडनाव पाहून तुमच्या वतीने टिक करणं चालत नाही.

आज 'नाही' लिहिलं आणि वर्षभराने मत बदललं तर? नोकरीच्या सुरुवातीला, तसंच कर्मचाऱ्याने नंतर मागितला की केव्हाही, फॉर्म देणं मालकावर बंधनकारक आहे. एचआरला फक्त 'सेल्फ-आयडेंटिफिकेशन फॉर्म पुन्हा हवा' एवढं लिहा. कारण सांगायची गरज नाही.

६. माझ्या बॉसला कळेल का?

कायद्याप्रमाणे ही माहिती गोपनीय आहे आणि ती याच कायद्याच्या अंमलबजावणीपुरती वापरता येते. म्हणून फॉर्मवर नाव किंवा कर्मचारी क्रमांक असला तरी घाबरू नका. वर्षाला आकडे अद्ययावत ठेवायचे, कोण रुजू झालं, कोणाला बढती मिळाली, कोण सोडून गेलं हे गटवार सांगायचं, तर क्रमांक लागतोच. तुमच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फाइलमध्ये हा कागद असता कामा नये. तो टीम लीडकडे उघडा द्यायला सांगत असतील तर नकार द्या आणि थेट एचआरकडे पाठवा.

७. यात आरक्षण आहे का? किती टक्के जागा?

एकही जागा राखीव नाही. कलम ३३ कोटा लादायला स्पष्ट मनाई करतं. कलम ६ सांगतं की अपात्र माणसाला घ्यायला किंवा बढती द्यायला, नव्या जागा निर्माण करायला किंवा अवाजवी बोजा सोसायला मालक बांधील नाही. त्यामुळे 'टिक केलं म्हणून नोकरी लागली' हे टोमणे कोणी मारले तर ऐकून घेऊ नका, कायदा तसं करतच नाही.

तो करतो ते असं. मालकाने कर्मचाऱ्यांची विभागणी चौदा व्यवसाय-गटांत करायची. प्रत्येक गटात व्हिजिबल मायनॉरिटीचे किती आहेत ते मोजायचं. त्या कामाला, त्या भागात अशी किती टक्के माणसं उपलब्ध आहेत, ते जनगणनेवरून काढायचं आणि दोन्हींतली तफावत पाहायची. कल्पित उदाहरण घेऊ. एका गटात २४० जण आहेत आणि उपलब्धता ३० टक्के, म्हणजे ७२ अपेक्षित. फॉर्मवरून ५८ निघाले तर तूट १४ ची. मग मालकाला भरतीच्या पद्धतीतले अडथळे शोधावे लागतात. उदाहरणार्थ, 'कॅनडातलाच अनुभव हवा' ही अट कामाला खरंच लागते का? त्यानंतर एक ते तीन वर्षांची लक्ष्यं ठरवावी लागतात.

आता त्याच २४० मध्ये व्हिजिबल मायनॉरिटीच्याच पंधरा जणांनी फॉर्म कोरा ठेवला असेल तर ती तूट खोटी आहे. उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. तांत्रिक कामाच्या गटात आपली माणसं भरपूर असतात आणि वरिष्ठ व्यवस्थापकांच्या गटात विरळ होत जातात. एकूण टक्केवारीत हे झाकलं जातं, चौदा गटांत उघडं पडतं. ते उघडं पडावं म्हणून वरच्या पदांवर पोचलेल्यांनी फॉर्म आवर्जून भरावा असं आमचं मत आहे.

खासगी मालकांना दरवर्षी १ जूनपर्यंत अहवाल द्यावा लागतो. अहवालच दिला नाही तर पहिल्या उल्लंघनाला १०,००० आणि वारंवारच्या उल्लंघनाला ५०,००० डॉलरपर्यंत दंड आहे. नुसत्या तुटीसाठी असा दंड नाही.

८. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेयर यातलं काही जोडायचं का?

काहीच नाही. व्हिजिबल मायनॉरिटीला कसलाही दाखला लागत नाही, तुमचं स्वतःचं सांगणं हाच आधार. जात ही या कायद्यातली कसोटी नाही. देशस्थ, मराठा, बौद्ध, धनगर, सगळे एकाच चौकटीत.

कामाच्या ठिकाणी जातीवरून त्रास होत असेल तर तो विषय मानवाधिकार कायद्याचा आहे. ऑन्टेरिओच्या मानवाधिकार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जातिभेदाबद्दल आपलं धोरण जाहीर केलं आहे. तक्रारीची वाट प्रश्न १७ मध्ये पाहा.

९. मी भारतात अनुसूचित जमातीची आहे, वारली. मग मी मूलनिवासी गटात टिक करू का?

नाही. तो गट फक्त कॅनडाच्या फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांसाठी आहे. भारतातलं आदिवासी असणं तुमच्या लेखी कितीही मोलाचं असलं तरी इथल्या फॉर्मवर तुमची चौकट साउथ एशियन. फेडरल नोकरीच्या अर्जात मूलनिवासी म्हणून चुकीची नोंद केली तर ती गंभीर बाब होते (प्रश्न १४).

१०. माझ्याकडे वर्क परमिट आहे, पीआरसुद्धा नाही. मला मोजतात का?

मोजतात. पाहायचं एवढंच की तुम्ही कॅनडात त्या मालकाचे कर्मचारी आहात का. कायम, अर्धवेळ, तात्पुरते, सगळे धरतात. मात्र तात्पुरती नोकरी कॅलेंडर वर्षात एकूण बारा आठवडे तरी असावी लागते. त्याच कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात बसणारे सहकारी या मोजणीत नाहीत.

११. मी भारतीय आयटी कंपनीकडून टोरांटोच्या बँकेत क्लायंट साइटवर आहे. बँकेचा फॉर्म भरू?

तुमचा पगार ज्याच्या पगारपत्रकावर आहे तो तुमचा मालक. बँकेचा बिल्ला गळ्यात असला तरी तुम्ही बँकेचे कर्मचारी नाही, म्हणून बँकेच्या आकड्यात तुम्ही येत नाही. चुकून दुवा आला तर तसं कळवा. तुमची स्वतःची कंपनी प्रश्न ४ मधल्या कंत्राटदारांत मोडत असेल तर फॉर्म तिच्याकडून यायला हवा.

१२. मुलगी मिसिसागात जन्मली, मराठी तोडकंमोडकं बोलते. ती व्हिजिबल मायनॉरिटी का?

हो. पिढ्यांची मर्यादा नाही आणि भाषेचा संबंध नाही. फॉर्म मात्र तिचा तिने भरायचा.

आई-बाबांपैकी एक गोरे असतील तर? नोकरीच्या फॉर्मवर ती स्वतःला जशी ओळखते तसं लिहील, कोणी टक्केवारी काढत नाही. जनगणनेत 'व्हाइट' आणि 'साउथ एशियन' दोन्ही चौकटींत खूण केली तर स्टॅटिस्टिक्स कॅनडा साउथ एशियन धरतं. सगळ्या गटांना मात्र हा नियम नाही. 'व्हाइट' सोबत 'अरब', 'वेस्ट एशियन' किंवा 'लॅटिन अमेरिकन' अशी खूण असेल तर ती व्यक्ती व्हिजिबल मायनॉरिटी धरली जात नाही. आणि दोन वेगळे व्हिजिबल मायनॉरिटी गट असतील, समजा आई मराठी आणि बाबा फिलिपिनो, तर नोंद 'एकाहून अधिक व्हिजिबल मायनॉरिटी' अशी होते.

१३. आम्ही गोव्याचे कॅथलिक, आडनाव पोर्तुगीज, नवऱ्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट, सासूबाई कंपालाच्या. आम्ही काय लिहायचं?

साउथ एशियन, तिघांनीही. आडनाव पोर्तुगीज म्हणून माणूस युरोपीय होत नाही आणि पासपोर्ट नागरिकत्व सांगतो, वंश नाही. इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा कॅनडात आलेल्यांत गोवेकरही होते. त्यांचा जन्म आफ्रिकेतला असला तरी 'ब्लॅक' ही त्यांची चौकट नव्हे.

कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचंही तेच. धर्म ही कसोटी नाही, म्हणून ज्यू असणं यात कमी-जास्त काही करत नाही. मुंबईच्या पारशी मंडळींनी साउथ एशियन लिहावं की पूर्वज इराणचे म्हणून वेस्ट एशियन, हे त्यांनी ठरवायचं. एकच चौकट निवडली तर दोन्हीकडून उत्तर 'हो' असंच येतं.

हीच फूटपट्टी उलट्या बाजूनेही लागते. मराठी माणसाशी लग्न करून कुलकर्णी झालेली गोरी कॅनेडियन बाई व्हिजिबल मायनॉरिटी नाही. पुण्यात जन्मलेला, अस्खलित मराठी बोलणारा गोरा माणूसही नाही. महाराष्ट्रातून दत्तक आलेलं, गोऱ्या घरात वाढलेलं मूल मात्र आहे.

१४. अर्जातही हाच प्रश्न होता आणि रुजू झाल्यावर पुन्हा आला. एकदा सांगितलं ना?

हे दोन वेगळे कागद आहेत. फेडरल सार्वजनिक सेवेच्या अर्जातल्या प्रश्नाला सेल्फ-डिक्लरेशन म्हणतात. काही जाहिराती ठरावीक गटांच्या उमेदवारांपुरत्याच खुल्या ठेवता येतात, त्या वेळी पात्रता यावरून ठरते. रुजू झाल्यावरचा फॉर्म सेल्फ-आयडेंटिफिकेशनचा, तो फक्त मोजणीसाठी. पहिल्यातलं उत्तर दुसऱ्यात जाईल असं धरून चालू नका, दोन्ही भरा.

पहिल्यात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पब्लिक सर्व्हिस कमिशन फसवणुकीची चौकशी करू शकतं आणि नियुक्ती रद्द होऊ शकते.

१५. क्यूबेकमध्ये 'एथनिक मायनॉरिटी' असा वेगळा रकाना आहे. माझी मातृभाषा मराठी, मग तो भरू?

क्यूबेकच्या सार्वजनिक संस्थांसाठी २००१ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यात 'एथनिक मायनॉरिटी' म्हणजे ज्यांची मातृभाषा फ्रेंच किंवा इंग्रजी नाही, आणि जे मूलनिवासी किंवा व्हिजिबल मायनॉरिटीही नाहीत, असे लोक. तो रकाना पोलिश, रशियन वगैरे भाषकांचा. मराठी माणूस आधीच व्हिजिबल मायनॉरिटीत गेलेला असतो.

१६. ब्रॅम्प्टनमध्ये तर आपणच बहुसंख्य. आणि हा शब्दही खटकतो. बदलणार आहे का?

व्याख्येत संख्येची अट नाही, त्यामुळे शहरात तुम्ही बहुसंख्य असलात तरी फरक पडत नाही. देशपातळीवर २०२१ मध्ये २६.५ टक्के लोक या गटात होते.

शब्द खटकतो हे रास्त आहे. तो गोऱ्या माणसाला मधोमध ठेवून बाकीच्यांना 'दिसणारे' म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद-विरोधी समितीने २००७ मध्येच त्यावर आक्षेप घेतला होता. मॅकगिल विद्यापीठाच्या प्राध्यापक एडेल ब्लॅकेट यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यदलाने डिसेंबर २०२३ च्या अहवालात 'रेशलाइज्ड वर्कर्स' (वंशावरून वेगळे पाडले गेलेले कामगार) हा शब्द सुचवला आणि कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र गट करावा असं म्हटलं. नव्या फॉर्मवर 'रेशलाइज्ड' दिसलं तर गोंधळू नका, उत्तर तेच द्यायचं. कायद्याच्या मजकुरात दुरुस्ती होईपर्यंत मोजणी प्रश्न १ मधल्या व्याख्येनेच होते.

१७. टिक केलं, पात्रता आहे, तरी बढती नाही. या कायद्याखाली तक्रार करू?

हा कायदा मालकाच्या एकूण व्यवस्थेकडे पाहतो. त्याचं ऑडिट कॅनेडियन ह्यूमन राइट्स कमिशन करतं. एका माणसाचं गाऱ्हाणं त्याखाली चालत नाही. वंश, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ यावरून भेदभाव झाला असेल तर कॅनेडियन ह्यूमन राइट्स ॲक्टखाली त्याच कमिशनकडे जायचं, घटनेपासून साधारण एका वर्षाच्या आत. मालक प्रांताच्या अखत्यारीतला असेल तर त्या प्रांताच्या यंत्रणेकडे. ऑन्टेरिओत ते ह्यूमन राइट्स ट्रिब्युनल, मुदत तिथेही एक वर्षाचीच.

तारखा, ईमेल, कोणाला बढती मिळाली, तुम्हाला काय कारण सांगितलं, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. प्रती ऑफिसच्या लॅपटॉपबाहेर ठेवा, पण कंपनीचे गोपनीय दस्तऐवज उचलू नका. युनियन असेल तर ग्रीव्हन्सची (युनियनमार्फतच्या तक्रारीची) मुदत वेगळी असते आणि ती वर्षापेक्षा बरीच कमी असू शकते, म्हणून युनियन प्रतिनिधीला आधी गाठा.